सुनेच्या पासपोर्टची साक्ष

कापडबाजारात मी दुकानाची पायरी चढले की व्यापारी आधी पंखा माझ्याकडे फिरवतात आणि मग नोकराला चहा सांगतात. बाई लवकर उठणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीबरोबर सांगलीहून जयपूरला आले तेव्हा मला हिंदी धड येत नव्हती. ती मी घासाघीस करत शिकले. पुढे हे निवृत्त झाले तेव्हा सांगलीला परत जायचा विषय निघाला होता, पण तोवर मुरलीपुऱ्यातल्या एका शेडमध्ये माझी शिलाई मशिनं लागली होती आणि शाळांच्या गणवेशांचं काम जोरात होतं. सीकर रोडच्या आतल्या कॉलनीत घर बांधलं तेही त्याच कामावर. वरचा मजला मुलासाठी चढवला. त्याच्या जिन्याच्या फरशीसाठी मी किशनगडला जाऊन अख्खा दिवस भांडले आहे.

हे मिरवायला सांगत नाही. माझा राग कशाचा ते कळावं म्हणून सांगते. मुलाचं लग्न झालं, सून मिरजेची, शिकलेली, फिजिओथेरपिस्ट. चार महिने वरच्या मजल्यावर राहिले दोघं. मग एका संध्याकाळी जेवताना मुलाने सांगितलं की तिला मस्कतच्या एका रुग्णालयात नोकरी लागली आहे, त्यालाही तिथे काम मिळतंय, आणि तिकिटं काढून झाली आहेत. काढून झाली आहेत. मी भाजी वाढत होते, ती वाढली. नंतर महिनाभर ह्यांच्याशीही नीट बोलले नाही, कारण ह्यांना आधीपासून माहीत होतं.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं ती. दर शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मस्कतहून फोन यायचा. मी दोन वाक्यं बोलून फोन ह्यांच्याकडे द्यायची. अशाच एका शुक्रवारी मुलगा म्हणाला की हिच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय, नवा मिळण्यासाठी तिथल्या आपल्या वकिलातीत कागद दिले आहेत. त्यात आता नवऱ्याचं नाव आणि जयपूरचा पत्ता घातलाय. त्यामुळे आपल्याकडच्या पोलिसांची चौकशी होईल, घरी माणूस येईल, ही इथे राहणारी आहे एवढं सांगायचं. तो अहवाल गेला की पासपोर्ट, आणि पासपोर्ट आला की व्हिसा.

“आणि नाही गेला तर?” मी विचारलं.

“तर व्हिसा संपेल, नोकरी जाईल. मतलब, दोघं परत येऊ. काय करणार?”

फोन ठेवल्यावर मी पोळ्या लाटायला बसले. हे ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांचा स्वभाव कमी बोलण्याचा, पण जे बोलतील ते नेमकं दुखरं असतं.

“तुझ्या मनासारखंच होतंय की गं,” ते म्हणाले.

मी लाटणं हलवत राहिले. सौद्यात मला एक गोष्ट फार लवकर कळते, ती म्हणजे समोरच्याची गरज. इथे गरज त्यांची होती आणि माझ्याकडून काहीच लागत नव्हतं. पोलीस येतील, घराला कुलूप असेल, ते परत जातील. मी कुणाला नाही म्हणायचीही गरज नव्हती. वरच्या मजल्यावरचे पडदे पुन्हा धुवायचे, एवढंच. हा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो पुरता करूनही पाहिला. मग तव्यावरची पोळी करपली आणि ह्यांच्यावर ओरडले, की उभे काय राहिलाय, पोलिसांना घरी कोण भेटणार ते ठरवा.

ठरलं होतं की हे घरी राहतील. पण हवालदार आला तो नेमका हे पेन्शनच्या कामाला गेले तेव्हा. मी शेडमध्ये होते. घर बंद पाहून त्याने समोरच्या घरी विचारलं.

समोरच्या भाभीजी आणि मी, आमचं बोलणं बंद होतं. माझ्या कापडाचे तागे घरी उतरतात, कारण शेडमध्ये उंदीर आहेत. तागे आणणारा टेम्पो त्यांच्या फाटकासमोर लागतो. त्यावरून आमचं एकदा असं भांडण झालं होतं की गल्लीतल्या बायका स्वयंपाक सोडून गच्च्यांवर आल्या होत्या. तेव्हापासून आम्ही एकमेकींना फक्त कपडे वाळत घालताना पाहायचो.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मला हाक मारून सांगितलं, की पोलीसवाला आला होता, तुमच्या समोरच्या बाईंनी त्याला सांगितलं, या नावाची कुणी बाई त्या घरात नाही, कधी नव्हती. मी साबणाची वडी तिथेच ठेवली आणि थेट त्यांच्या फाटकावर गेले. माझ्या मनात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

भाभीजी ओट्यावर मेथी निवडत होत्या. उठल्या नाहीत.

“मेरी बहू की नौकरी खानी थी आपको? टेम्पो का बदला उससे?”

“उसने जो नाम पूछा, वो आपके घर में है ही नहीं,” त्या म्हणाल्या. “आपकी बहू का नाम मुझे पता है. शादी के कार्ड पर आप ही ने छपवाया था.”

हे खरं होतं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते नाव मी निवडलं होतं. पत्रिकेतही तेच छापलं, गल्लीत हाकही तीच. पण तिची शाळा, कॉलेज, डिग्री, पासपोर्ट, सगळं माहेरच्या नावावर, आणि ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारतच नव्हतं. मुलाच्या तोंडीही लग्नातलंच नाव बसलं होतं. हवालदाराने कागदावरचं नाव विचारलं. भाभीजी काय सांगणार?

माझा आवाज तिथल्या तिथे उतरला. वाद हरल्यावर माझा आवाज उतरतो, ही माझी एकमेव चांगली सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लग्नाची पत्रिका, फोटो आणि तिचं नवं नाव चढवलेलं रेशनकार्ड घेऊन ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हातारपणाकडे झुकलेले, मिशा पांढऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, की घरातल्या सुनेचं नाव एक आणि पासपोर्टवरचं दुसरं, तर मी कसं समजू की ही तीच बाई आहे? उद्या कुणी म्हणेल, सून दुसरीच आणि पासपोर्ट तिसरीचाच. मी आमची पद्धत समजावून सांगितली. त्यांना गंमत वाटली.

“आप लोग बहू का नाम बदल देते हो,” ते म्हणाले. “हमारे यहाँ तो बदलते नहीं. नाम लेते ही नहीं, बस बहू बोलते हैं.”

बाजूचा शिपाई हसला. मीही हसले, कारण काम काढून घ्यायचं होतं. साहेब म्हणाले, दोन शेजारी आणा, जे समोर सांगतील की दोन्ही नावं एकाच मुलीची. घरचे चालणार नाहीत. आणि लवकर आणा, कारण कालचा कागद मी थांबवून ठेवलाय, फार दिवस ठेवता येणार नाही.

किराणावाला लगेच हो म्हणाला. त्याच्याकडून मी महिन्याचं सामान घेते, आणि माझ्याशी भांडणं त्याला परवडत नाही. दुसरं घर शोधत मी गल्ली फिरले. उजवीकडचे नवे भाडेकरू, त्यांनी सुनेला पाहिलेलं नव्हतं. डावीकडचे लग्नाला आले नव्हते. उरल्या त्या समोरच्या.

मी पुन्हा त्यांच्या फाटकावर गेले. या वेळी आधी कडी वाजवली.

त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की येते मी, पण यापुढे टेम्पो माझ्या फाटकासमोर लागणार नाही. मी बाजारात आयुष्य काढलं आहे. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी कधीही हो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. मग पायऱ्या उतरता उतरता राहवलं नाही, वळून विचारलं, शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस तरी? त्या म्हणाल्या, “सुबह-सुबह. आठ बजे से पहले.” झालं.

रिक्षात आम्ही दोघी मागे आणि किराणावाला पुढे ड्रायव्हरच्या कडेला. मला भीती अशी होती, की ह्या बाई ठाण्यात जाऊन पुन्हा तेच सांगतील. सरळ माणूस साक्षीला फार धोक्याचा.

साहेबांनी आधी किराणावाल्याला विचारलं. तो म्हणाला, हो हो, दोन्ही नावं एकीचीच, आणि वर सून किती चांगली होती हे जरा जास्तच सांगितलं. मग भाभीजींकडे वळून साहेबांनी विचारलं, की काल तर तुम्ही म्हणालात की या नावाची कुणी नाही, मग आज कशी आली?

“काल ते नाव मला माहीत नव्हतं,” असं त्या सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

“साब, यह घुटना देखो. दो साल से मैं सीढ़ी नहीं चढ़ती थी. वो लड़की रोज़ दोपहर को आती, तेल लगाती, कसरत कराती. यह वही है, फोटो वाली. नाम कागज़ में जो भी हो.”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी शेडमध्ये असायची. आमचं बोलणं बंद होतं त्या महिन्यांत माझी सून रोज दुपारी गल्ली ओलांडून जात होती.

“तो कल क्यों मना किया?” साहेबांनी विचारलं.

“क्योंकि उसी ने मुझे नाम बताया था, साब. मैंने पूछा था, बेटी, पीहर का नाम क्या है तेरा. बोली, वो रहने दो, यही मेरा नाम है. मेरी सास ने अपनी बेटी के लिए सोच के रखा था, बेटी हुई नहीं, तो मुझे दे दिया. अब जो लड़की ऐसे बोले, उसका मैं दूसरा नाम कैसे मान लेती?”

ठाण्यात वर पंखा फिरत होता, एवढंच मला आठवतं. ते नाव मी बाळंतपणाच्या आधी ठरवलं होतं. मुलगा झाला. दुसरं मूल झालंच नाही. ही गोष्ट मी सुनेला कधी सांगितली नव्हती. मुलाने सांगितली असणार. आणि तिने ती अशा बाईला सांगितली, जिच्याशी मी बोलत नव्हते. मला मात्र नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. किराणावाल्याने सही केली, भाभीजींनी अंगठ्याऐवजी हळूहळू आपलं नाव लिहिलं. मला शेवटी विचारलं, की एकदा तुमच्या तोंडून सांगा, ही मुलगी तुमची सून आहे आणि तिचं नाव काय. मी तिचं माहेरचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर किराणावाल्याने पाणी आणून दिलं.

परतताना भाभीजी रिक्षात म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, पण तुम्ही तिला फार धाकात ठेवलं. मी म्हणाले, धाकात ठेवलं असतं तर मस्कतला गेली असती का? त्या हसल्या. मीही हसले, पण माझा राग मावळला असं कुणी समजू नये. तिकिटं काढून झाल्यावर मला सांगितलं, ही गोष्ट आजही माझ्या हिशेबात आहे. फक्त तो राग कुणावर धरायचा याचा माझा गोंधळ झाला. सुनेवर धरायला गेले की डोळ्यांसमोर भाभीजींचा तो गुडघा यायचा आणि दुपारच्या उन्हात गल्ली ओलांडणारी मुलगी.

शुक्रवारी फोन आला तेव्हा मी तिलाच फोनवर बोलावलं. भाभीजींच्या गुडघ्याचं विचारलं. ती घाबरून म्हणाली, “आई, तुम्हाला राग आला का? तुमचं भांडण होतं म्हणून सांगितलं नाही.”

“कसरत कुठली शिकवली होतीस ते सांग,” मी म्हटलं. “त्या बंद करून बसल्यात. मी करून घेते त्यांच्याकडून.”

तिने समजावून सांगितलं, पाय कसा धरायचा, किती वेळ. मी शेडच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतलं. मग मीच तिला विचारलं, ताप नाही ना, जेवतेस ना. ह्यांनी हात पुढे केला तरी मी फोन दिला नाही.

पासपोर्ट काही आठवड्यांनी आला. मुलाचा फोन शेडवरच आला, दुपारी, मशिनं चालू असताना. आनंदाने ओरडून सांगत होता. व्हिसाचं काम होईल, नोकरी राहील, आणखी दोन वर्षं तरी नक्की. मी बरं बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गेले, पेढ्यांच्या भावावरून त्याच्याशी नेहमीसारखं वाजवलं, आणि खोका घेऊन परत आले.

बायकांनी मशिनं थांबवली. सगळ्यात जुनी शिवणारी, जिने सुनेची लग्नाची ओटी भरली होती, ती उठून उभी राहिली.

“बहू-बेटा आ रहे हैं क्या, माताजी?”

“नहीं,” मी म्हटलं, आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. “नहीं आ रहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला अजून एक पेढा दिला आणि पुढच्या मशिनकडे गेले.