अंबरनाथची अकरा नावं

नाशिकच्या स्टँडवर सकाळी सहाची कल्याण गाडी धरताना बायकोने विचारलं, "सत्तरीत आता कसली युनियन?" मी म्हणालो, कंपनीतल्या जुन्या दोस्ताच्या, यशवंताच्या मुलीने बोलावलंय, संगणकावर युनियन कशी चालते ते दाखवणार आहे. हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की अंबरनाथला युनियनचा सेक्रेटरी असताना मी एका माणसाविरुद्ध खोटं लिहून ठेवलं होतं. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तो माणूस अजून तिथेच राहतो, हे मला माहीत होतं.

साल २००८, थंडीचे दिवस. घाट उतरेपर्यंत काचांवर धुकं होतं. कल्याणला उतरलो आणि रिक्षाने उल्हासनगरला गेलो. इथल्या वस्त्यांना अजून कॅम्प म्हणतात (फाळणीनंतर सिंधी कुटुंबं ज्या लष्करी छावण्यांत उतरली, त्या या). दुकानांबाहेर जीन्सच्या पँटी ओळीने टांगलेल्या, हातगाड्यांवर फर्निचर, आणि पाटी कोणत्याही भाषेत असली तरी बोलणं हिंदीत.

यशवंताची मुलगी संघमित्रा, सगळ्यांची मित्रा, एका सायबर कॅफेच्या दारात उभी होती. तिशीची, खांद्याला पिशवी, गळ्यात कंपनीचा पास. आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला आहे, कंत्राटी.

"जय भीम, काका. आधी खाऊन घ्या, मग कॉम्प्युटर. उपाशी माणसाला काय समजत नाही."

शेजारच्या गाडीवर दाल पकवान घेतलं (कडक तळलेली मैद्याची पुरी, वर हरभऱ्याची डाळ आणि चिंचेची चटणी). माझ्या कवळीला ते झेपेना. मी पुरी डाळीत बुडवून मऊ होण्याची वाट पाहत बसलो, तेव्हा गाडीवाला म्हणाला, "साईं, इसको नहलाना नहीं, खाना है."

कॅफेत लाकडी फळ्यांच्या खोपट्यांत आठ संगणक. मित्रा इतक्या लांब येते, कारण अंबरनाथच्या कॅफेत सुपरवायझरही येऊन बसतात. तिने कंत्राटी कामगारांच्या युनियनचा ई-मेल ग्रुप उघडला आणि मी चष्मा बदलला. तिच्या कंपनीत तीन ठेकेदारांची माणसं आहेत, तीन पाळ्यांत. एकाच मशिनवर काम करणारी दोन माणसं कधी एकमेकांना भेटत नाहीत. ग्रुपवर ती भेटतात. कुणी आपला गेटपास स्कॅन करून टाकतो, कुणी विचारतो की रजा मागितली तर पास नवा करत नाहीत, तुमच्याकडेही असंच का? खाली दुसऱ्या पाळीचा, दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस लिहितो, हो, असंच. मराठी असते, पण इंग्रजी अक्षरांत, कारण काही संगणकांवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. ज्यांना ई-मेल येत नाही त्यांच्यासाठी एकेक वाचणारा नेमलेला. तो डब्याच्या सुट्टीत पाच जणांना सांगतो, आणि त्यांचं म्हणणं संध्याकाळी लिहितो. आम्हाला एक गेट मीटिंग जमवायला महिना लागायचा.

"आणि हे बघा," मित्रा म्हणाली, "आज हे पाठवणार."

तो तक्ता होता. सगळ्या सभासदांची नावं, खातं, पाळी, ठेकेदार. आमच्या युनियनची एक रीत होती. सभासदांची वही मीटिंगला टेबलावर उघडी ठेवायची, कुणीही वाचावी. मित्राने ती रीत वडिलांकडून ऐकली होती. तिने ती वही तशीच्या तशी संगणकात उतरवली होती आणि प्रत्येकाला पाठवणार होती.

"नको पाठवू," मी म्हणालो.

"का?"

"एकाने जरी ही यादी पुढे पाठवली तर कंपनीच्या टेबलावर जाईल."

"काका, वही उघडी असायची ना तुमची? पप्पा तर अभिमानाने सांगतात. आता आमच्याच लोकांवर डाउट घ्यायचा का? मग कशाला युनियन म्हणायचं?"

मी म्हणालो, वही खोलीबाहेर जात नव्हती. ते खोटं होतं. वही खोलीबाहेर गेली होती, आणि ती नेणारा मीच होतो. मित्राने संगणक बंद केला. "ठीक आहे. पप्पांना विचारू. ते म्हणाले तर उद्या पाठवते."

दुपारी आनंदनगर पाहिलं. रुंद रस्ते, निळे पत्रे, हवेत आंबूस वास. पाळी सुटली होती. बाहेर पडणारी पोरंपोरी मित्राला नजरेनेच ओळख देत होती, थांबत कुणी नव्हतं. त्यांची नावं त्या तक्त्यात होती. पास नवा झाला नाही की ही माणसं संपली. त्यांना काढून टाकावंही लागत नाही.

बदलापूरला जाताना रिक्षा पालेगाववरून गेली. माझ्या आठवणीत इथे भाताची खाचरं होती. आता अर्ध्या उभ्या इमारती, बांबूंच्या परांच्या, आणि मध्येच एखादं कौलारू घर. मित्रा हात करून म्हणाली, "ते म्हात्रेचं. त्यानेच कंपनीला यादी दिली होती. पप्पा त्याचं नावपण काढू देत नाहीत." मी दुसऱ्या बाजूला बघत राहिलो.

यशवंत सोनवणे बदलापूरला सोनिवलीत नव्या सोसायटीत राहतो. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीतून डोंगर. त्याने मला बघून पायात चप्पलही न घालता जिन्यापर्यंत धाव घेतली. "या सेक्रेटरीसाहेब. केस गेले, ऐट तेवढी आहे."

सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी जेवलो. मग मित्राने विषय काढला. यशवंत म्हणाला, "पाठव की. उघड्या वहीला काय भ्यायचं? वाईट वहीने नाही केलं, म्हात्रेने केलं."

तेव्हा मी सांगितलं.

आम्ही, मला सोडून, अकरा सभासद केले होते. यादी कंपनीला द्यायची नाही, लेबर ऑफिसने मागितली तरच, असा ठराव होता. एका दुपारी पर्सोनेल ऑफिसरने मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला, मला "साहेब" म्हणाला. मान्यता द्यायची आहे, नावं बघू द्या, म्हणाला. मला कुणी पैसे दिले नाहीत, धमकीही दिली नाही. त्या खुर्चीत बसून नाही म्हणायला मला लाज वाटली, इतकंच. मी वही काढून दिली. तिसऱ्या दिवशी यशवंतासकट अकराही जणांना गेटवर अडवलं. मला ठेवलं, सेक्रेटरीला काढलं तर बोभाटा होईल म्हणून. म्हात्रेलाही ठेवलं, आणि सगळ्यांनी बोट त्याच्याकडे दाखवलं. तो नुकताच, शेवटच्या मीटिंगनंतर, सभासद झाला होता. त्याचं नाव वहीत चढवायचं राहिलं होतं, म्हणून तो वाचला. हे फक्त मला माहीत होतं. त्याला युनियनमधून काढून टाकल्याचा ठराव मी माझ्या अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

यशवंताची बायको उठून आत गेली आणि बाहेर आली नाही.

"पुढे अकरा वर्षं मी वॉचमनकी केली," यशवंत म्हणाला. आवाज चढवला नाही. मग मित्राकडे न बघता म्हणाला, "तो तक्ता काढून टाक."

"काढते."

"आणि वसंतराव, तुम्ही झोपा आता. सकाळी पालेगावला जायचंय."

मी आल्यापासून त्याने मला तेव्हा पहिल्यांदा नावाने हाक मारली.

यशवंत, मित्रा आणि मी पोचलो तेव्हा म्हात्रे ओट्यावर ऊन खात बसला होता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. यशवंताला बघून उठायला गेला, मला बघून परत बसला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"माझे पोरीचं लगीन जालं," तो म्हणाला. "कंपनीतला एक मानूस आयला नाय. मंडप मोठा बांधलेला. आता येवून मना काय सांगतंस?"

"माफी मागायला आलोय."

"तोंडानं?" त्याने मान हलवली. "तोंडानं मना कोन काय बोललं नव्हतं. तू लिव्हलंस. आता पन लिव्ह."

तिथून आम्ही तिघे पुन्हा उल्हासनगरला गेलो. मी सांगत गेलो, मित्रा टाइप करत गेली. पाऊण तास लागला, आणि शेवटच्या ओळीला लाइट गेली. कॅफेवाला मेणबत्ती शोधत म्हणाला, "साईं, लाइट गई तो लिखा हुआ भी गया. फिर से लिखना पड़ेगा." दोन तासांनी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यात कारणं फार होती. दुसऱ्यात नऊ ओळी झाल्या. त्यात दोनच नावं होती, म्हात्रेचं आणि माझं. मित्राने ते ग्रुपवर टाकलं आणि खाली स्वतःच्या दोन ओळी जोडल्या: यापुढे सभासदांची यादी कुणालाही दिसणार नाही, आणि ती कुणा एकाच्या हातातही राहणार नाही, वाटून ठेवली जाईल.

परतीच्या गाडीत मला हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही. पत्र एका क्षणात सगळ्या पाळ्यांत पोहोचलं, पण ती पोरं तेव्हा शाळेतही नव्हती. ज्यांनी म्हात्रेच्या मंडपाकडे पाठ फिरवली, त्यांच्यापैकी कुणाकडे संगणक नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी यशवंताचा फोन आला. पत्राचा छापील कागद घेऊन तो पालेगावला गेला होता. म्हात्रेने दोनदा वाचून घेतला आणि कागद ठेवून घेतला. म्हणाला, याच्या झेरॉक्स काढा आणि घरोघरी द्या, पण द्यायला ज्याने लिहिलं त्याला पाठवा.

"आठ जण हयात आहेत," यशवंत म्हणाला. "तिघे गेले, पण त्यांची घरं आहेत. नावं सांगू का?"

मी म्हणालो, नावं नकोत, झेरॉक्स घेऊन येतोच. ती यादी मीच केली होती. अकराही नावं मला क्रमाने पाठ आहेत.