जंतूंशी बोलणाऱ्या बाई

समस्त डहाणूकरांनो, कान देऊन ऐका, मामला गंभीर आहे: माझ्या दुकानाशेजारच्या लॅबवाल्या बाई जंतूंशी बोलतात! हृदयाच्या झडपेला जंतू लागल्याचा संशय आला, की बाई रुग्णाचं रक्त बाटलीत घालून उबेत ठेवतात. जंतू वाढून ओळखू आला, की नेमकं औषध ठरतं. येता-जाता त्या बाटलीला दटावतात, "चल रे, तोंड दाखव. लाजतोस काय?" मी हसायचो.

सायवनच्या एका मुलीच्या बाटलीत मात्र काही केल्या काही वाढेना. मुलगी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाटली गढुळली. तपासणीचे कागद न्यायला आलेल्या तिच्या बापापासून बाईंनी ती लपवली नाही. समोर धरून म्हणाल्या, "दादा, हाच तो. उशिरा वाढला."

बाप बाटलीकडे बघतच राहिला आणि एकदम ओरडला, "बाय, हा जगला न् माझी पोर गेली?"