डायलिसिसच्या वॉर्डातलं पाणी

डायलिसिसच्या वॉर्डात किस्से साचतातच. मशीनला जोडलेला माणूस उठून कुठे जाऊ शकत नाही. मोबाइलची बॅटरी संपते, मग तो बोलायला लागतो. वाशिमच्या या वॉर्डात आई पेशंटच्या घरच्यांना मदत करायला जाते आणि शाळेला सुट्टी असली की मीही. घरच्यांच्या मनातले प्रश्न डॉक्टरांसमोर तोंडातून निघत नाहीत. ते आम्ही विचारायचे.

पहिल्याच दिवशी अनसिंगच्या विष्णूकाकांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

"काय वो ताई," ते आईला म्हणाले, "हे पोरगी आमच्यासाठी बोलणार? इचा आवाज त मशीनपेक्षा हळू हाय!"

*

काकांचा भाजीचा मळा आहे. एकदा त्यांनी सगळ्या पेशंटसाठी टोपलीभर पालक आणि टमाटे आणले. सिस्टर धावतच आल्या. "काका, किडनीच्या आजारात हे इथं कुणालाच चालत नाही! तुम्हालाही नाही!"

काका टोपलीकडे बघत राहिले. "जलमभर लोकायले हेच खाऊ घातलं, अन् आता मलेच बंद?"

टोपली सिस्टरांच्या घरी गेली. पुढच्या खेपेला काकांनी आल्या आल्या विचारलं, "भाजी कशी झालती? नीट सांगा. मले चव आठवायची हाय."

*

या आजारात प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून ते मोजूनच प्यायचं. मशीन लावण्याआधी वजन करतात, तिथे चोरी पकडली जाते. काकांनी एकदा चप्पल काढली, टोपी काढली, खिशातला चष्मासुद्धा काढला. वजन वाढलेलंच!

"किती पाणी प्यालात?" सिस्टरांनी विचारलं.

"पाणी नाई प्यालो, बाई. टरबूज खाल्लं!"

अख्खा वॉर्ड हसला. फक्त काकांसोबत आलेल्या काकू हसल्या नाहीत.

*

खिडकीजवळची खाट सगळ्यांना हवी असायची. तिथे जऊळक्याचे एक आजोबा असत. ते गेले, तेव्हापासून त्या खाटेवर कुणी जाईना. शेवटी काका गेले.

"माणूस गेला," ते म्हणाले, "खिडकी त तिथंच हाय."

*

काकूंना स्वतःची किडनी काकांना द्यायची होती. त्यांनी तपासण्याही सुरू केल्या होत्या. त्यांच्या वतीने मी डॉक्टरांना विचारलं, "किडनी दिल्यावर शेतात निंदण करता येईल का?"

"काही महिन्यांनी सगळं करता येईल."

"आयकलं का?" काकू काकांना म्हणाल्या.

"तुले कापून मी जगू? मले नाई पायजे." काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते हेच म्हणत राहिले.

*

एका दुपारी आई आणि मी त्यांच्या घरी गेलो. काकू उन्हातून, मळ्यातून आल्या. आम्हाला पाणी दिलं आणि स्वतः तशाच बसल्या. ओठ पांढरे पडलेले. आई काकांशी बोलत होती.

"काकू, तुम्ही पाणी?" मी हळूच विचारलं.

"यायचा दिवसाचा गिलास सकाळीच संपला," त्या काकांकडे बघत म्हणाल्या. "मंग मी कशी पिऊ?"

*

पुढच्या आठवड्यात डॉक्टर काकूंचा रिपोर्ट घेऊन काकांच्या खाटेजवळ आले. "रिपोर्ट बरोबर नाही. पुन्हा तपासू. असाच आला तर यांची किडनी घेता येणार नाही." मग काकूंना विचारलं, "काही त्रास होतो का?"

काकूंनी मान हलवली. नाही.

आई बाहेर फोनवर होती.

"त्या पाणी पीत नाहीत," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "काकांना मिळत नाही म्हणून काकूही पाणी पीत नाहीत!"

"मग रिपोर्ट बिघडणारच," डॉक्टर म्हणाले. "भरपूर पाणी प्या. सुधारेल."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. काकांनी तोंड काकूंकडे फिरवलं. मग मोकळ्या हाताने त्यांनी उशाची बाटली उचलली आणि पुढे केली.

"पी."

"तुमच्यासमोर?"

"माह्यासमोरच पी," काका म्हणाले. "माह्या किडनीले पाणी पायजे!"