धुरपदाबाईचा घरचा रेडा

धुरपदाबाई अमळनेरकडची. नवरा इकडे पांडेसऱ्यात कापड गिरणीच्या रंगखात्यात होता. तो गेल्यावर तिने चाळीमागच्या पत्र्याच्या गोठ्यावर दोन मुलींची लग्नं केली. मी त्याच चाळीत राहतो; सतरा वर्षं दूध तिच्याकडूनच घेतलं.

तिची मोरी म्हैस भाऊ भटूने टेम्पोत घालून आणून दिलेली. पुढे भटू वारला, माहेरचं घर बंद झालं. मोरीचा वेल आपल्या दारात राहावा, एवढीच तिची इच्छा उरली. गोठेवाले नर पारडू जगू देत नाहीत. तिने मोरीचं पहिलं पारडू वाढवून त्याचा रेडा केला. तो मोठा झाल्यावर मोरीला ती त्याच्याकडूनच गाभण करवू लागली.

"मना भाऊनं रगत शे," ती म्हणे. "बाहेरनं कसाले?"

चौऱ्याण्णव साली मोरीला वाकड्या मानेचं, फाटक्या टाळूचं पारडू झालं. तासाभरात गेलं. नजर लागली म्हणून तिने गोठ्याला लिंबू-मिरची बांधली आणि पुन्हा तोच रेडा. मीही दूध घेत राहिलो.

शहाण्णवच्या होळीआधी मोरी अडली. कामरेजहून आलेल्या डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला.

"माजी, बच्चा मरा हुआ है. पैर मुड़कर जाम हैं. काटकर निकालना पड़ेगा. बीज किसका है?"

"घरनाच हेला शे. तिना आंडोर."

घरचाच रेडा, तिचाच मुलगा, असं मी हिंदीत सांगितलं.

"माँ-बेटे का ब्याह कराया आपने?"

"जनावरले कसानं नातं?" ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. एकच कूळ निघालं म्हणून थोरलीचं जमलेलं लग्न मोडलेली ही बाई.

पारडू तुकड्यातुकड्यांनी निघालं. गर्भाशय फाटलं होतं. दुपारी मोरी गेली.

तेवढ्यात डॉक्टरांचं बोलणं कानावर गेलं म्हणून शेजारच्या गल्लीतली सुमन धावत आली. मोरीचं एकुलतं मादी पारडू, ती वगार, सुमननेच पूर्वी विकत नेली होती.

"मावशी, माझी वगार आठ महिन्यांची गाभण आहे. तुमच्याच रेड्याची. तिला नाही ना काही होणार?"

धुरपदाबाईने डॉक्टरांकडे पाहिलं. वगार रेड्याची बहीण, हे तिनेच कसंबसं सांगितलं.

"अब बच्चा होने तक रुकना ही है," डॉक्टर म्हणाले.

रेड्याखेरीज मोरीचा वेल आता तेवढाच उरला होता. धुरपदाबाई रोज सकाळी तिकडे जाई. सुमन तिला आत येऊ देत नसे. ती दाराबाहेर बसून वगारीच्या पोटाकडे बघत राही.