दोघांचं टेबल

“म्याडमजी, आपली चप्पल फार बोलते,” हे साळवेजींचं माझ्याशी पहिलं वाक्य. मला इंदूरच्या ऑफिसात बुकिंगची नोकरी लागली होती, आणि जे विकायचं ते आधी बघून या म्हणून मालकांनी मला रिसॉर्टवर धाडलं होतं. बेटम्याच्या पुढे एका जुन्या संस्थानिकाची शिकारीची कोठी, तिचंच हे रिसॉर्ट केलेलं. मी साताऱ्याची, टाचा वाजवत चालणारी. जेवणघराच्या दारात पांढरे हातमोजे घातलेला, साठीला आलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, आत जाऊन कापडी सपाता आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी मुकाट्याने सपाता घातल्या.

प्रल्हाद साळवे हे तिथले बटलर. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत, अफसरांच्या मेसवर होते. वाढण्याची विद्या त्यांच्या घरात तिथून आली. साळवेजींच्या खिशात कधी किल्ली नसे, सुटे पैसे नसत, कारण चालताना खुळखुळ नको. सकाळचं वर्तमानपत्र ते स्वतः इस्त्री करून देत, म्हणजे पाहुण्याच्या बोटांना शाई लागत नाही. कोणी चमचा खाली ठेवला की मीठ कमी झालं की पोट भरलं, ते त्यांना दारातून कळे. हाताखालच्यांना ते एकच गोष्ट घोकून घोकून सांगत, “पाहुण्याला हाक मारावी लागली, म्हणजे समजायचं, गलती अपनी.”

इकडे ऑफिसात माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. दिवसभर फोनवर एकच प्रश्न. खोलीत टीव्ही नाही, आंघोळीला पितळी घंगाळ, जेवणात निवड नाही, आणि भाव एवढा? “इतने में तो गोवा हो आएँगे, म्याडम,” असं म्हणून लोक फोन ठेवत. एकदा वैतागून मी साळवेजींनाच विचारलं, की खरं सांगा, एवढे पैसे घेण्यासारखं आहे काय तुमच्याकडे. ते जराही चिडले नाहीत. “दुसरीकडे पाहुणा पैसे देतो आणि वरून मागतो. इथे त्याला मागावं लागत नाही. बस, त्याचेच हे पैसे,” ते म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, “आमची शकु पण हेच विचारते. म्हणते, लोकांना असं काय देता हो तुम्ही? घरी तर पाण्याचा तांब्याही मीच हातात देते.”

शकु म्हणजे त्यांची बायको, शकुंतला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्या बाईने कोठी आतून पाहिली नव्हती. नोकरमाणसांच्या घरच्यांनी फाटकाच्या आत यायचं नाही, पाहुणे म्हणून तर नाहीच नाही, असा मालकांचा नियम. साळवेजींना त्यात काही वावगं वाटत नसे. नियम म्हटला की त्यांची मान खाली.

म्हणून एका दुपारी ते इंदूरच्या ऑफिसात माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले तेव्हा मी हातातला फोन ठेवून उठलेच. कामाच्या दिवशी हा माणूस कोठी सोडून कधी आला नव्हता. बसा म्हटलं तर बसेनात. शकुताईंचं लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं होतं, आणि जे मागतील ते द्या. “तिला विचारलं, काय पाहिजे तुला,” साळवेजी म्हणाले. “म्हणाली, तुमच्या कोठीत एकदा जेवू. दोघं. म्याडमजी, एक दिवस द्या. पूरा भाव देतो, डिस्काउंट नको.”

मी मालकांना फोन केला. नाही म्हणाले. उद्या सगळेच नातेवाईक आणतील, म्हणाले. साळवेजी दोन दिवसांनी परत आले, मी परत फोन केला, परत नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. ज्याने मला सपाता घालायला लावल्या तो माणूस हात जोडून माझ्यापुढे उभा होता आणि म्हणत होता, “ती आता दोन घास खाते. पुढच्या हप्त्यात तेही खाणार नाही.” मला ते बघवेना. गेली नोकरी तर गेली, म्हणून मी माझ्या नावावर खोली बुक केली आणि रजिस्टरात काका-मावशी असं लिहिलं.

शनिवारी मी त्यांच्यासोबतच गेले. शकुताईंचं नुसतं पातळ उरलं होतं, त्याच्या आत त्या कुठेतरी होत्या. पण डोळे टकटकीत. प्रत्येक खांबाला हात लावत, “हे तुम्ही सांगितलेलं ते का हो?” असं विचारत त्या आत आल्या. साळवेजी पांढरा बुशशर्ट घालून आले होते, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. जेवणघरात खिडकीशी दोघांचं टेबल मांडलं होतं. सगळी माणसं त्यांच्याच तालमीतली, जीव लावून तयारी केलेली. साळवेजी खुर्चीच्या कडेला टेकले.

दिनेश नावाच्या वाढप्याने सूप आणलं. भीतीने असेल, पण त्याने ते उजवीकडून ठेवलं आणि अंगठा बशीच्या आत गेला. साळवेजी ताडकन उठले. “एक मिनट, शकु,” म्हणाले आणि बशी घेऊन आत गेले. परत आले ते हातमोजे घालून. सूप त्यांनी डावीकडून ठेवलं, एक पाऊल मागे घेतलं आणि उभे राहिले. मग भाजी आणली, मग पुलाव, मग खीर. बायकोने चमचा ठेवला की ते पुढे होत. तिला एकदाही काही मागावं लागलं नाही. समोरच्या खुर्चीपुढचा घडी घातलेला नॅपकिन तसाच राहिला.

आणि मी काय केलं, तर दारात उभी राहून डोळे पुसले. काय माणूस आहे, काय सेवा आहे, म्हणून माझा ऊर भरून आला. मोबाइल काढून मी फोटोसुद्धा घेतला. चार पावलं पुढे जाऊन त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवणं माझ्या हातात होतं. ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आज तो फोटो उघडायची माझी हिंमत होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिलाचं बघायला मागे थांबणार होते. त्यांना गाडीत बसवताना मी विचारलं, “शकुताई, कसं वाटलं?” साळवेजी तेव्हा मागे, चहाचा ट्रे नीट लागला का ते बघायला गेले होते. पहाटे उठून बायकोचा चहाही त्यांनीच नेला होता. शकुताई म्हणाल्या, “जेवण छान होतं ताई. खोटं नाही बोलत. पण मला यांच्यासोबत जेवायचं होतं. घरी मी वाढते आणि मागून जेवते, इथे हे वाढत राहिले. आमचं एकत्र जेवायचं राहूनच गेलं बघा.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शकुताई पुढच्याच महिन्यात गेल्या. साळवेजी त्यानंतर कोठीवर परतले नाहीत. शकुताईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, मी इंदूरला नंदानगरात त्यांच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली, मंडळी पांगली, आणि साळवेजी माझ्यासमोर सतरंजीवर बसले. “म्याडमजी, त्या दिवशी निघताना शकु तुम्हाला काही बोलली होती का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “फार छान वाटलं म्हणाल्या. पैसे वसूल झाले म्हणाल्या.”

त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. “नका हो खोटं बोलू. मला तिने गाडीतच सांगितलं. मी म्हटलं, शकु, गलती झाली माझी, आता रोज तुझ्यासोबत बसतो. छुट्टी टाकली. घरी आल्या आल्या ताट वाढून घेतलं आणि तिच्या खाटेला लागून बसलो. पण त्या दिवसापासून तिचं खाणं बंदच झालं. चमच्याने पाणी जायचं, तेवढंच. तर म्हणायची, तुम्ही जेवा, मी बघते. एकोणीस दिवस, दोन्ही टाइम, मी जेवलो म्याडमजी. आणि ती बघत होती.”