अश्विनीच्या लग्नापुरता आवाज

लोधीखेड्याच्या आमच्या वस्तीत बुद्धवंदना म्हणायची तं गुणवंताभाऊनंच म्हणायची, असं सारे म्हणत. गुणवंताभाऊ म्हणजे माझा नवरा, अश्विनीचे बाबा. रोजीनं कपाशीत राबणारा माणूस, पन ‘बुद्धं सरणं’ म्हटलं का विहारातले पोट्टे आपसूक गप्प बसत.

मंग एका साली फवारणीचं औषध अंगात भिनलं. नागपूरच्या दवाखान्यात कितीतरी दिवस घशातून नळी टाकून होती. नळीनंच जीव वाचवला, खोटं काहून बोलू? पन आत जखम झाली, अन् भरता भरता श्वासाची वाटच आकसली. डॉक्टर ते वाट फुगवून मोठी करतात. थोडे दिवस आवाज मोकळा होते, मंग पुन्हा आकसते, अन् नुसती कुजबूज.

एका खेपेले डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “श्वासनळी आतून सदा ओली असते, काका. औषध लावलं तरी खोकल्यासोबत निघून जाते. आता संशोधक ओल्या जागेवरही चिकटून बसेल असं मऊ जेल शोधून राहिले. त्यातून औषध हळूहळू जखमेत उतरेल.”

“आमाले कवा भेटन?” यायनं कुजबुजत इचारलं.

“अजून प्रयोगशाळेतच आहे. वर्षं लागतील.”

पन आमचा माणूस धीर धरते? घरी येऊन बाभळीचा डिंक भिजवला अन् वाटीभर पेला. “चिकट हाय ना!” म्हणे. म्हटलं, “चिकटन, पन पोटात! श्वासाच्या वाटेनं थोडीच जाते थो?” हसले बिचारे. हसता हसता डोळे भरून आले.

अश्विनीचं पांढुर्ण्याच्या भूपेंद्रसोबत जुळलं. पोरगी अडून बसली, “ते जेल येऊ द्या. बाबाच वंदना म्हणतीन, तवाच लग्न.” हे कुजबुजले, “तवरोक म्हातारी होशीन, बाई.” आमच्यात मुहूर्त कोनी पाहत नाही. मंग मीच म्हटलं, वाट फुगवायची दवाखान्याची तारीख घ्या अन् तिले लागूनच लग्न ठेवा. पाव्हणे हसले, पन मानले.

अन् बापा, काय आवाज लागला त्या दिवशी! सारा मांडव त्यायच्या मागून म्हणत होता, अन् मी मेली म्हणायचं सोडून ऐकतच राहिली. असाच राहावा, अजून काही नको, असं वाटे. राहते थोडीच! जोर पडला, अन् पंगत उठेपर्यंत गळा पार बसला.

पोरगी गाडीत बसली. यायचे ओठ हलले, आवाज नाही. “काय म्हणता, बाबा?” तिनं दोनदा इचारलं. ओठ पाहून मीच ओरडली, “पोहोचली का फोन कर म्हणतात!”

गाडी गेली. मी रडत रडत चिडली, “फोन कर म्हणे! बोलान काय तिच्यासंग?”

यायनं माह्याकडं पाहिलं. ओठ पुन्हा हलले.

“पोरगी बोलन. मी ऐकीन.”