प्लॅटिनमच्या जागी लोखंड

पोरांनो, माझा वाढदिवस विसरलात, आता पुण्यात शिकणारी माझी नात तरी ध्यानात हाय का? मी बोलतेय, सून घरच्या ग्रुपवर लिहितेय.

सकाळी तिचा रडवेला फोन आला. औषधं बनवताना रसायनं लवकर जुळावीत म्हणून चिमूटभर प्लॅटिनम घालतात. ढीगभर दगड फोडल्यावर तेवढंच निघतं, म्हणून लई महाग. ती त्याजागी स्वस्त लोखंड वापरून बघतेय, पण ते सारखं गंजतं.

"आजी, सोडून देते सगळं."

"आगं, माझ्या लग्नातला तवा अजून गंजला न्हाय. तेल जळून काळा थर बसलाय की त्याच्यावर! तू दिलास का थर?"

तशी ती म्हणाली, "कार्बनचा थर द्यायचा राहिलाय."

मीबी थकलेय, पोरांनो. पुण्याला कोण निघालं, तर तिला भाकरी आन् शेंगाचटणी पाठवा. भाकरी कडकच द्या, म्हंजी टिकल; तिला या कामाला अजून लई दिवस लागणार हायत.